सतरा नंबरची नळी

सत्कार असला की माझी ओळख करून देणारे गृहस्थ खिशातून कागद काढतात आणि माझ्या शोधनिबंधांची यादी वाचायला घेतात. कर्करोग आणि शरीराची रोगप्रतिकारशक्ती या विषयावर मी आयुष्यभर जे काही लिहिले त्याची ती यादी. श्रोत्यांना त्यातले काही कळत नाही, कळावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. यादी लांब आहे एवढे कळले की पुरते. मी तोवर टेबलावरच्या शालीच्या घडीकडे बघत बसते. या वयात कोणाशी न बोलता दहा मिनिटे खुर्चीत बसायला मिळणे हेही काही वाईट नाही. मात्र दर वेळी मनात येते, की यादीतला पहिला निबंध हा माझा पहिला निबंध नव्हे. त्याच्या आधी एक होता. तो लिहून झाला होता, एका चांगल्या नियतकालिकाने स्वीकारला होता, छपाईची मुद्रिते तपासायला माझ्याकडे आली होती. तो मी मागे घेतला. त्याची हकिकत सांगायची तर आधी आमच्या घराची सांगायला हवी, कारण तो निबंध मुंबईच्या प्रयोगशाळेत लिहिला गेला असला तरी बिघडला आमच्या घरात.

मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारापासून चालत अर्ध्या तासावर आमचे घर. वडील गावच्या शाळेचे मुख्याध्यापक. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणे, आणि ऐकून ऐकून मीही तेच म्हणायला लागले होते. आई कट्ट्याच्या शाळेत शिकवायची. दोघेही सकाळी डबे घेऊन बाहेर पडत. काका, म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, जहाजावर असत. वर्षातून एकदा महिनाभर येत, येताना सुवासिक साबण आणत आणि जाताना नारळ नेत. त्यामुळे दिवसभर घर काकीचे असे. तिला मूल नव्हते. या गोष्टीचा उच्चार आमच्या घरात कोणी केला नाही, तिनेही नाही. मी तिच्या वाट्याला आले आणि ती माझ्या. आई मला अभ्यासाला बसवायची. बाकी न्हाऊमाखू घालणे, वेणी घालणे, रागावणे, समजूत काढणे हे सगळे खाते काकीकडे होते.

त्या घरातल्या दुपारच्या आधीच्या वेळेची मला जितकी आठवण आहे तितकी कुठल्याच वेळेची नाही. सकाळचे घावणे उरकलेले असत. बिडाच्या तव्यावर पीठ पडताना होणारा चर्र आवाज थांबलेला असे आणि विहिरीच्या रहाटाची कुरकुर सुरू झालेली असे. दहा वाजता पेज. उकड्या तांदळाची, वर खवलेल्या खोबऱ्याचा चव घातलेली, सोबत चुलीत भाजलेला सुका बांगडा आणि मिठात मुरवलेल्या आंब्याचे खारे. पेज झाली की काकी मला अंगणात वाळवणाची राखण करायला बसवायची, हातात कावळे हाकायची काठी द्यायची, आणि स्वतः मागच्या मांगरात जायची. मांगर म्हणजे घरामागची झावळ्यांची शेड. तिथे लाकडे, नारळाची सोडणे आणि एक जुनी चूल असे. थोड्याच वेळात तिकडून पुन्हा सुक्या मासळीचा वास यायचा, पण या वेळी त्यात काहीतरी कडवट, घशाला लागणारे मिसळलेले असे. मला वाटायचे, मांगरातली चूल जुनी म्हणून मासळी जास्त करपते. मी मोठी झाले, मुंबईला शिकायला गेले, पदव्या मिळवल्या, तरी त्या वासाचा दुसरा काही अर्थ असेल असे माझ्या डोक्यात आले नाही.

तंबाखू हा गुरुजींचा शत्रू होता. शाळेत प्रार्थनेनंतर ते मुलांचे हात हुंगत. गावातल्या बायका भाजलेल्या तंबाखूची काळी पूड, म्हणजे मशेरी, दातांना लावतात, ती हिरडीत धरून ठेवतात आणि त्याने तोंडात रोग होतो, हे ते दर पालकसभेत सांगत. बायका मान डोलवत. मी संशोधनासाठी हाच विषय घेतला याचा त्यांना किती आनंद झाला होता ते त्यांनी बोलून दाखवले नाही. फक्त माझ्या प्रवेशाचे पत्र त्यांनी शाळेच्या कपाटात, महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवले.

विषय थोडक्यात असा. शरीरात राखणदार पेशी असतात. एखादी पेशी बिघडून कर्करोगाकडे वळू लागली की राखणदार आरोळी ठोकतात आणि बाकीच्यांना गोळा करतात. ही आरोळी म्हणजे रक्तात सापडणारे एक प्रथिन. माझा तर्क होता, की मशेरी लावणाऱ्या बाईच्या तोंडात चट्टा दिसायच्या कितीतरी आधी तिच्या राखणदारांचा आवाज बसत असावा. तसे असेल तर नुसत्या रक्तावरून धोका आधी ओळखता येईल. त्यासाठी दोन गट हवे होते: मशेरी लावणाऱ्या बायका आणि कधीही न लावणाऱ्या. माझे मार्गदर्शक, ज्यांना आम्ही सगळे नुसते सर म्हणत असू, म्हणाले, "तुझ्याच गावात जा. अनोळखी माणसाला लोक धड उत्तर देत नाहीत." त्यांचा हेतू चांगला होता. सल्ला मात्र पुरता उलटा पडला.

गुरुजींनी सगळी व्यवस्था केली. सातेरीच्या देवळाचा सभामंडप झाडून घेतला, शाळेतले टेबल आणले, रक्त काढायला आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सबाईंना बोलावले. मंडपाच्या कठड्यावर गावकर मंडळी, म्हणजे गावचे मानकरी, आपणहून येऊन बसली. गावातले कुठलेही काम त्यांच्यासमोर व्हायचे, हे त्यातलेच एक. त्यातल्या बहुतेकांच्या गालात त्या वेळीही पान-तंबाखू होता, पण प्रश्न बायकांना विचारायचे होते, त्यांना नव्हे. गुरुजी टेबलाशी वही उघडून बसले. त्यांचे अक्षर मोत्यासारखे, म्हणून वही त्यांच्याकडे. वहीत नाव, क्रमांक आणि उत्तर, नळीवर फक्त क्रमांक; शिवाय क्रमांकापुढे नुसते 'हो' किंवा 'नाही' लिहिलेली एक यादी बंद पाकिटात, आकडे आल्यावरच उघडायची. वही घरच्या कपाटात कुलपात राहणार आणि मुंबईत कोणालाही, मलासुद्धा, कुठली नळी कोणाची ते कळणार नाही. तपासणाऱ्याच्या मनाने निकालात ढवळाढवळ करू नये म्हणून असे करतात. ही शिस्त पाळल्याचा मला फार अभिमान होता.

बायका इस्त्रीची लुगडी-पातळे नेसून आल्या. गुरुजींनी वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात विचारायला सुरुवात केली.

"नाव? वय? मशेरी लावतेस?"

"नाय, गुर्जी."

"पुढची."

"नाय, गुर्जी."

मधेच बाजारात मासे विकणारी एकजण आली. तिने कमरेवर हात ठेवून सांगितले, "लावतंय गुर्जी, रोज दोनदा. लिवा." कठड्यावर हशा पिकला. तिच्यासारख्या आणखी काही निघाल्या, म्हाताऱ्या, विधवा, कोणाला न घाबरणाऱ्या. त्या 'हो' गटात गेल्या आणि त्यांची तोंडे नंतर कट्ट्याच्या डॉक्टरांनी तपासली. 'नाही' म्हणणाऱ्यांची तपासायचे कारण नव्हते, आणि भर मंडपात तोंड उघडायला त्या तयारही झाल्या नसत्या. रांग निम्मी झाली तेव्हा, स्वयंपाक उरकून, काकी आली. गुरुजी तिचे मोठे दीर. ती त्यांच्यासमोर डोक्यावरून पदर घेऊन उभी राहायची आणि लागेल तेवढेच बोलायची. त्यांनी वर न बघता विचारले, "मशेरी?" ती 'नाय' म्हणाली, पण त्याआधीच त्यांनी 'नाही' लिहून टाकले होते. घरचेच माणूस होते.

नळ्या कट्ट्याच्या डॉक्टरांकडच्या यंत्रात फिरवल्या, वरचा पिवळसर पाणीदार भाग वेगळा केला आणि मालवणच्या बर्फ कारखान्यातून आणलेल्या बर्फात ठेवला. पेटी मासळीची होती. एसटीने ती मुंबईला पोचली तेव्हा आमच्या मजल्यावर आठवडाभर बांगड्याचा वास होता आणि एक सहकारी माझ्या टेबलाच्या बाजूने येणे टाळायचा. बर्फ मात्र शेवटपर्यंत घट्ट होता. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

आकडे यायला पावसाळा उलटला. 'हो' गटाचा आवाज बसलेला होता, माझा तर्क खरा होता. पण 'नाही' गट मनासारखा दिसत नव्हता. त्यातही काहींचा आवाज जरा खालीच होता, आणि एकीचा तर जवळजवळ बंद: सतरा नंबरची नळी. ही एक नळी सगळा हिशेब बिघडवत होती. ती असेपर्यंत दोन गटांत ठाम फरक आहे असे म्हणता येत नव्हते. सरांनी तक्ता बराच वेळ पाहिला आणि विचारले, "ही सतरा नंबर खराब झाली असेल का? वाटेत काही झाले होते? घरी पत्र टाकून वही तपासून घ्यायची का?"

मी म्हणाले, "पत्र कशाला सर, वाटेत बर्फ वितळला होता."

असे का म्हणाले ते मला आज नेमके सांगता येत नाही. आधी ठरवून म्हणाले नव्हते. वाक्य तोंडातून गेले आणि मग ते खरेच असावे असे मला वाटू लागले. बर्फ वितळला असेल तर पेटीतल्या सगळ्याच नळ्या खराब व्हायला हव्यात, एकटी सतरा कशी होईल, हे ना सरांनी विचारले ना मी. सतरा नंबर वगळला. फरक लख्ख दिसू लागला. निबंध लिहिला, पाठवला, स्वीकारला गेला. त्याच्या जोरावर परदेशातल्या एका प्रयोगशाळेने मला जागा देऊ केली. सरांनी सगळ्यांना चहा पाजला. पुढे मी कित्येक विद्यार्थ्यांना शिकवले की विचित्र आकडा दिसला तर आधी तो कोणाचा ते शोधा. मुले ते वहीत उतरवून घेत. कुठे शिकलात असे मात्र कोणी विचारले नाही.

मुद्रिते तपासायला आली तेव्हा मी ती घेऊन घरी गेले. शिमगा जवळ आला होता. गुरुजींनी ते कागद हातात घेऊन माझे नाव छापलेले पाहिले आणि चष्मा पुसला. काकीने त्या दिवशी ताज्या बांगड्याचे तिरफळ घातलेले तिखले केले होते, खास माझ्यासाठी. मला आवडायचे म्हणून ती माझ्या पानात दोनदा वाढायची आणि स्वतः माझ्या समोर बसून तेवढेच जेवायची. त्या दिवशी तिने आपल्या पानात नुसती पेज घेतली. खारे नाही, मासा नाही. पेजही एका बाजूने, मान वाकडी करून.

"काकी, तू का खात नाहीस?"

"तोंड इलासा गो. जायत आपसूक."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी गुरुजी आणि आई शाळेत गेल्यावर मी तिच्या मागे मांगरात गेले. चुलीवर एका बाजूला सुका बांगडा भाजत होता आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी खापरीत तंबाखू काळा होत होता. लहानपणापासून मला ठाऊक असलेला वास तो हाच. काकीने माझ्याकडे पाहिले, मग बांगड्याकडे, आणि हसायला लागली.

"तुझ्या बापाशीक कळू नये म्हणान बांगडो," ती म्हणाली. "नायतर रोज रोज सुको बांगडो कोण खाता?"

"आईला माहीत आहे?"

"तिका कशा म्हायत नसतला? आख्ख्या वाडीक म्हायत आसा."

म्हणजे आमच्या घरात ही गोष्ट फक्त दोघांना माहीत नव्हती: तंबाखूविरोधी मुख्याध्यापकांना आणि तोंडाच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या त्यांच्या मुलीला. मलाही हसू आले. मग मी म्हणाले, "तोंड उघड बघू." ती नको नको म्हणाली, पदराआड हसली, पण मी तिला उजेडात आणून बसवले. खालच्या हिरडीत, गालाच्या बाजूला, जिथे ती पूड धरून ठेवायची तिथे, पांढऱ्या चट्ट्याच्या मध्ये लाल जखम होती. मी बोट लावले. कडा कठीण लागली. अशा कडा मी पुस्तकात वाचल्या होत्या, रुग्णालयात पाहिल्या होत्या. माझे हसू तिथेच थांबले.

"कधीपासून आहे हे?"

"तू रगत घेवन गेलंस, तेच्याआदीपासून वायच होताच."

मी घरात आले, गुरुजींच्या कपाटाची किल्ली घेतली आणि वही काढली. त्या सुंदर अक्षरात सतराव्या ओळीवर काकीचे नाव होते.

ते प्रथिन एकट्याने काही सिद्ध करत नाही, हे मला तेव्हाही माहीत होते आणि आज तर जास्तच माहीत आहे. पण बाईला बोलावून तिचे तोंड उघडून बघावे, एवढे सांगायला ते पुरेसे होते. एक पत्र टाकले असते तर पाच महिने आधी कळले असते. वर्तमानपत्रात माझ्याविषयी लिहिताना लोक 'निष्ठावान संशोधक' वगैरे लिहितात, ते वाचताना मला तो मांगर आठवतो आणि स्वतःची लाज वाटते. तेव्हाही वाटली. लाज, आणि त्याहून जास्त भीती, की ही आता जाणार आणि ते मी केले.

मी परत जाऊन तिला सगळे सांगितले. नळी, सतरा आकडा, बर्फाची थाप. ती खापरीतला तंबाखू उतरवून ठेवत ऐकत होती.

"नळयेक कित्या इचारत बसलंस?" ती म्हणाली. "माका इचारूक व्हया होतां."

"विचारले की. तू नाही म्हणालीस."

"भावजींसमोर काय सांगतलंय? आणि कठड्यार अर्धो गाव बसलेलो. हय मागीलदारी येवन इचारला असतंस तर सांगला असतंय."

"बाकीच्या बायका?"

"त्यो पण तशोच. सगळ्यो लावतत. गुर्जींच्या तोंडार कोण हो म्हणतली? शाळेत छडी खाल्ली हा सगळ्यांनी. नाय तर कठड्यार सासरो."

तिने बोटांवर मोजत नावे सांगितली. मी वहीत खुणा करत गेले. पान संपेपर्यंत 'नाही' गटात जेमतेम काहीजणी उरल्या. माझ्या निबंधात ज्यांना 'मशेरी न लावणाऱ्या स्त्रिया' म्हटले होते, त्या प्रत्यक्षात 'ज्यांचा सासरा किंवा मास्तर समोर बसला होता अशा स्त्रिया' होत्या. आणि मुद्रिते घरात गुरुजींच्या टेबलावर, वजनाखाली ठेवलेली होती.

संध्याकाळी गुरुजी आले. काकीचे दुखणे ऐकून त्यांनी लगेच मुंबईच्या एसटीची वेळ विचारली. वहीचे ऐकायला त्यांना जास्त वेळ लागला.

"माझ्या विद्यार्थिनी माझ्याशी खोटे बोलल्या?"

"तुमच्याशी म्हणूनच बोलल्या," मी म्हणाले. हे जरा जास्तच तोडून बोलले गेले. पण ते चिडले नाहीत. बराच वेळ ते वहीची पाने उलटत राहिले. काकी दाराआड उभी होती. त्यांनी त्या दिशेला न बघता विचारले, "माका घाबरत होतंस?" घरात मालवणी बोलायचे नाही असा नियम त्यांनीच घातलेला, तो त्यांनी मोडलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

काकी म्हणाली, "घाबरत नाय. तुमका बरां वाटूचा म्हणान."

गुरुजींनी वही मिटली. त्यानंतर त्यांनी पालकसभेत तंबाखूवर भाषण केल्याचे मला आठवत नाही.

काकीला घेऊन मी मुंबईला गेले. काकांना तार केली, पण त्यांचे जहाज लांब होते. शस्त्रक्रियेत खालच्या जबड्याचा डावा भाग आणि गालाचा काही भाग काढावा लागला. डॉक्टर मला ओळखत होते. त्यांनी सहज, बोलता बोलता सांगितले, की थोडी आधी आली असती तर हाड वाचले असते. मी मान हलवली. त्यांना काही माहीत नव्हते आणि मला सांगायचा धीर झाला नाही.

सरांना मात्र सांगितले. बर्फ वितळला नव्हता, हे आधी सांगितले, मग बाकीचे. ते खिडकीजवळ उभे होते. ते रागावले असते तर मला सोपे गेले असते. ते म्हणाले, "मीही विचारायला हवे होते. आकडा नकोसा होता म्हणून आपल्या दोघांनाही ते उत्तर आवडले." त्याच दिवशी त्यांनी नियतकालिकाला निबंध मागे घेत असल्याचे पत्र लिहिले, स्वतःच्या सहीने, माझ्यावर काही न ढकलता. परदेशातल्या प्रयोगशाळेने नम्र शब्दांत कळवले, की जागा आता दुसऱ्या उमेदवाराला दिली आहे. ते पत्र मी पुष्कळ दिवस जपून ठेवले होते, मग एका घर बदलण्यात ते गेले. त्या जागेवर गेले असते तर काय झाले असते याचा विचार मी तरुणपणी खूप केला. आता करत नाही, वेळ कमी आहे.

सगळे पुन्हा पहिल्यापासून करायचे होते. काकी चार महिन्यांनी गावी परतली. तिचा चेहरा एका बाजूने आत गेला होता, बोलणे अस्पष्ट झाले होते, जेवण पातळ आणि थोडे. ती तोंडावरून पदर घेऊनच वावरायची, घरातसुद्धा. मी रजा काढून नव्या वहीसह आले तेव्हा गुरुजी म्हणाले, "हा आठवडा मी शाळेतून रजा घेऊन सकाळीच कट्ट्याला जाऊन बसेन. बाजारात, स्टँडवर, कुठेही. मी गावात नाही एवढे सगळ्यांना सांगून जाईन." आणि ते गेले, रोज छत्री घेऊन. आमच्या शिस्तीच्या वडिलांनी मुलीच्या संशोधनासाठी केलेली ती सगळ्यांत मोठी मदत.

पहिल्या घरी मी एकटीच जाणार होते. चपला घालताना पाहिले तर काकी नेसून तयार होती.

"तू कशाला? दमशील."

ती माझ्यापुढे चालू लागली. वाटेने नाही, कुंपणाच्या आतून, माडांच्या मधून, जशा बायका एकमेकींकडे जातात तशी, थेट त्या घराच्या मागीलदारी. तिथे घरातली धाकटी सून भांडी घासत होती. लग्न होऊन आलेली, माझ्याहून लहान. देवळातल्या वेळी तिने 'नाय' म्हटले होते. मी तिच्याजवळ बसले, कशासाठी आले ते सांगितले, नाव कुठेही येणार नाही असे सांगितले आणि प्रश्न विचारला.

"नाय गो, ताय," ती चटकन म्हणाली. "मी नाय लावणंय."

मी वही उघडली नाही. काकी तिच्यासमोर दगडावर बसली. तिने तोंडावरचा पदर बाजूला केला, चेहरा उजेडाकडे केला आणि तशीच बसून राहिली. गावात कोणी तिला तसे पाहिलेले नव्हते. सुनेच्या हातातले भांडे थांबले. काकीने काही सांगायचा प्रयत्न केला, पण शब्द नीट उमटले नाहीत. पुन्हा, सावकाश, एकेक अक्षर जुळवत ती म्हणाली,

"मी पण नायच म्हणलंलंय."

सुनेने हात धुतले. ओसरीकडे एकदा कान देऊन पाहिले, सासऱ्याच्या खोकल्याचा आवाज लांबून येत होता. मग ती सरकून आमच्यापाशी आली, उजेडाकडे तोंड केले आणि मी काही सांगायच्या आत ते उघडले.